तळणीचं तेल प्यायलेली सायकल

मित्रांनो, पुढे वाचण्याआधी नाकाला रुमाल लावून घ्या. नंतर ‘आधी का नाही सांगितलंस’ म्हणून माझ्यावर रुसू नका. मी एक निळी सायकल आहे. वय झालंय, रंग उडालाय, पण स्वभाव काही गेलेला नाही. मला घाणीची फार किळस येते. रस्त्यात चिखल दिसला की माझी घंटी आपोआप थरथरते. आणि अशा माझ्याच पोटात महिनोन्‌महिने जे साठलं, ते आठवलं की आजही माझ्या तारांवर काटा उभा राहतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. मला आकड्याला टांगून रंगाच्या फवाऱ्याखालून नेलं, मग भट्टीत भाजलं, मग नव्याकोऱ्या रबराची चाकं चढवली. अहाहा, काय तो वास! त्याच्याइतका स्वच्छ वास मी पुन्हा कधी घेतला नाही. नंतर दुकानात आले. तिथे येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक चिकट बोटांनी माझी घंटी वाजवायचं. मी अंग चोरून उभी राहायचे. एक दिवस एक बाई आली. तिने आधी रुमालाने माझ्या सीटवरची धूळ पुसली आणि मगच मला हात लावला. मी मनात म्हटलं, हिच्याच घरी जायचं.

ती बाई म्हणजे पिटुकलीची आई. पिटुकली तेव्हा जन्मलीही नव्हती, पण आता ती तिला आई म्हणते, तर मीही आईच म्हणते. आईचं काम रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. सकाळी घरोघरी जायचं, आजारी माणसांचं रक्त छोट्या नळ्यांत घ्यायचं, नळ्या थंड पेटीत ठेवायच्या आणि वेळेत पोचवायच्या. पेटी माझ्या पुढच्या टोपलीत. मला सुरुवातीला त्या पेटीची इतकी किळस यायची, की हँडल वाकडं करून बसायचे. आईला मात्र कशाचीच किळस नाही. रक्त, पू, उलटी, काहीही असो, ती बाह्या सरसावते आणि ‘होतं असं, होतं’ म्हणत पुसायला लागते. पुढे पिटुकली झाली, मोठी झाली, आणि माझ्या कॅरियरवर गादी बांधून शाळेला जाऊ लागली. दर रविवारी आई जुन्या बनियनच्या फडक्याने माझी एकेक तार पुसायची. ते माझे सुखाचे दिवस.

आजोबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हाही मला आनंदच झाला. ते पिटुकलीच्या वडिलांचे वडील, म्हणजे आईचे सासरे. उभा जन्म त्यांनी सूतगिरणीत यंत्रांना तेल देण्यात घालवला होता. सामानात दोन शर्ट, एक चादर आणि एक पितळी कुपी. लांब चोचीची, बुडाशी अंगठ्याने दाबली की थेंब टाकणारी. आल्या दिवशी त्यांनी माझ्या चेनला तेल दिलं ते असं, की एक थेंब इकडे नाही, एक तिकडे नाही. म्हणाले, “सूनबाई, कुरकुर ऐकून तेल देतो तो आळशी. कुरकुर व्हायच्या आधी देतो तो कारागीर.”

त्या दिवसापासून घरातलं काहीही कुरकुरेना. दारं, खिडक्या, शिलाई मशीन, कात्री, पिटुकलीच्या खेळण्यातली मोटार, सगळ्यांना रविवारी तेल. आजोबांची नजर अधू होती, डोळ्यांपुढे सदा धुकं. गिरणीत सुताचा पिंज नाकात जाऊन जाऊन वासही कधीचा गेलेला. पण बोटं! बोटांना सगळं दिसायचं. बिजागरी चाचपायचे, सांधा शोधायचे, आणि टप्प! थेंब बरोबर जागेवर.

मग कधीतरी, उन्हाळ्याच्या सुमारास, त्या थेंबाची चव बदलली.

मित्रांनो, मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या रविवारी नुसतं जड वाटलं. दुसऱ्या रविवारी चिकट. चौथ्या रविवारी माझ्या मागच्या चाकाच्या पोटातून असा वास यायला लागला, जसा झाकण लावून विसरलेल्या डब्याला येतो. खवट, आंबूस, घशात बसणारा. शी! त्या चिकट्याला रस्त्यावरची धूळ येऊन बसली. धुळीला केस चिकटले, कुणाचे देव जाणे. एका दुपारी मुंग्यांची रांग माझ्या चेनवरून थेट आत शिरली, आणि त्यातल्या निम्म्या परत आल्याच नाहीत. त्या आत कशात अडकल्या हे मला ठाऊक होतं. मला ओकारी येत होती, पण सायकलला ओकता येत नाही.

दारांचीही तीच गत. बिजागऱ्यांवरून तपकिरी ओघळ यायचे. बोट लावलं तर बोट सुटायचं नाही. आणि इथे त्या घराने एक गोष्ट केली, जी मला तेव्हा फार शहाणपणाची वाटली. आजोबा तेल देऊन पुढच्या खोलीत गेले, की आई मागून फडकं घेऊन यायची आणि बिजागऱ्या पुसायची. तिचं पाहून पिटुकलीचे वडीलही पुसायचे. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, तेल जास्त पडतं, त्यात काय सांगायचं, उगाच मन दुखवायचं, असा घरात अबोल ठराव झाला होता.

एकटी पिटुकली बोलायची. “आजोबांच्या कुपीला स्वयंपाकघराचा वास येतो!”

“गप,” आई डोळे वटारायची. “मोठ्या माणसांना असं बोलतात?”

“पण येतो!”

“येऊ दे. जा, हात धू.”

बिजागऱ्या पुसता येतात, मित्रांनो. माझं पोट कोण पुसणार?

थंडी पडली आणि तो चिकटा आत घट्ट होत गेला. आधी सकाळी सकाळी पायडल एखाद्या वेळी निसटायचं. आई म्हणायची, “आज अंगात आळस भरलाय हिच्या.” आळस! मी लाजेने अर्धी झाले. मग त्या बुधवारी चौक ओलांडताना ते घडलं. कॅरियरवर पिटुकली, टोपलीत पेटी, डावीकडून ट्रक येतोय. आईने झटकन पुढे जायला पायडलवर सगळं वजन टाकलं, आणि पायडल नुसतंच गर्रकन फिरलं. चेन फिरली, दातेही फिरले, मागचं चाक मात्र ढिम्म. आईचा पाय खाली गेला, हनुवटी हँडलवर आपटली आणि आम्ही तिघी आडव्या झालो. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला. त्याचं चाक पिटुकलीच्या दप्तरापासून हातभर अंतरावर थांबलं.

“मरायचंय का बाई?” तो ओरडला, आणि मग पिटुकलीकडे पाहून त्याचाच आवाज बसला. “लागलं का गं बाळा?”

पिटुकलीचे गुडघे सोलले होते. आईच्या हनुवटीतून रक्त येत होतं. तिने आधी पोरीला उचललं, मग नळ्या फुटल्यात का ते पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची हनुवटी पुसली.

तिथून ती मला ढकलत सायकलवाल्याकडे घेऊन गेली. हा सायकलवाला बोलायला तिखट, पण हात सोन्याचा. त्याने पायडल पुढे फिरवलं, चाक थांबलेलं. मागे फिरवलं, तेच. “चेन शाबूत आहे,” तो म्हणाला. “दुखणं फ्रीव्हीलमध्ये आहे, ताई. मागच्या चाकाची ही दातेरी चकती. हिच्या पोटात दोन लोखंडी जिभा असतात. आम्ही त्यांना कुत्रे म्हणतो. पायडल मारलं की कुत्रे बाहेर येऊन आतल्या दातांना धरतात, म्हणून चाक ओढलं जातं. तुमचे कुत्रे झोपलेत.” त्याने फटीत बारीक तार घातली आणि बाहेर ओढली. तारेबरोबर काळपट तपकिरी, लांबच लांब लाळेसारखा धागा बाहेर आला. त्यात एक मुंगीही होती. मला धरणी दुभंगावी असं झालं. त्याने वास घेतला आणि मान मागे घेतली.

“अहो, यात काय तळलंय तुम्ही?”

आईने ती तार हातात घेतली, वास घेतला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“तळणीचं उरलेलं तेल आहे हे,” सायकलवाला म्हणाला. “वाळून डिंक झालाय. नवीन फ्रीव्हील उद्या येईल, बसवून देईन. पण जो कुणी हे तेल घालतो ना, त्याचा हात आधी धरा. नाहीतर दोन महिन्यांनी याल परत. आलात तर बरं म्हणायचं.”

घरी येऊन आईने मला व्हरांड्यात उभं केलं आणि आजोबांच्या फळीपाशी गेली. तिथे त्यांच्या तेलाची बाटली असायची. शेजारी अगदी तशीच दुसरी बाटली होती. तिच्यात उन्हाळ्यात आईनेच तळणीचं उरलेलं तेल गाळून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात जागा नव्हती, म्हणून तात्पुरती या फळीवर. तात्पुरती ठेवलेली वस्तू घरात जन्मभर राहते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आजोबांची बाटली संपून धूळ खात होती, आणि आईची बाटली तळाला गेली होती.

संध्याकाळी पिटुकलीच्या वडिलांनी पोरीचे गुडघे पाहिले, बायकोची हनुवटी पाहिली, सगळं ऐकलं. ते हळू आवाजात म्हणाले, “बाबांची कुपी काढून घे. आजच.”

“नुसती बाटली बदलली तर?”

“आज बाटली बदलशील. उद्या ते दुसरं काही ओततील. त्यांना दिसत नाही, वास येत नाही. कुपी हरवली म्हणून सांग. चार दिवस शोधतील, मग विसरतील.”

“विसरतील?” आई म्हणाली. “अरे, त्यांच्याकडे दुसरं आहे काय?”

“आपली पोर ट्रकखाली जात होती.”

आईने कुपी उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवली. खरं सांगते मित्रांनो, मी सुटकेचा निःश्वास टाकला. गेली ब्याद! त्या चोचीतून माझ्या पोटात काय काय गेलं होतं ते मलाच माहीत. म्हाताऱ्याला चार दिवस वाईट वाटेल, वाटू दे, असंच मी म्हटलं.

सायकलवाल्याचं नवीन फ्रीव्हील दुसऱ्या दिवशी आलं नाही, तिसऱ्याही दिवशी आलं नाही. आई पेटी घेऊन पायी जात होती. आणि आजोबा कुपी शोधत होते. फळी चाचपली, खाटेखाली हात घातला, माझी टोपली उपसली. “सूनबाई, माझी कुपी पाहिलीस का गं?”

“बघते हं, बाबा,” आई म्हणायची, आणि पिठाच्या डब्याकडे पाठ करायची.

पिटुकलीला गप्प राहायचं बक्षीस म्हणून चित्रांचं पुस्तक मिळालं होतं. तिने ते उघडलंही नाही.

रविवारी सकाळी आजोबा नेहमीच्या वेळेला उठले. दारापाशी गेले, बिजागरी चाचपली, आणि रिकामा हात तसाच धरून अंगठा दाबला. पुढच्या दाराशीही तेच. मग माझ्याकडे आले. माझी चेन बोटांत घेतली, रिकामा अंगठा एकदा दाबला. “हरवली नसेल,” ते स्वतःशीच पुटपुटले. “काढून घेतली असेल. डोळे गेलेल्या माणसाकडे कोण ठेवतं?”

आई आतून हे ऐकत होती. ती तरातरा आली. एका हातात कुपी, दुसऱ्या हातात बादली, तिच्यात जुनी वर्तमानपत्रं, पाना, हातोडी, ठोकायचा लोखंडी पंच, रॉकेलचा डबा.

“बाबा, कुपी मी लपवली होती,” ती म्हणाली. “का ते या चाकात आहे. उघडून बघता? मला उलटे आटे जमत नाहीत.”

पिटुकलीचे वडील दारात येऊन उभे राहिले. “अगं, काय करतेस?”

“थांब जरा,” आई म्हणाली. “इतके दिवस आपण पुसतोच आहोत ना?”

आजोबांनी चाक सोडवून कागदावर आडवं टाकलं. बोटाने फ्रीव्हीलच्या झाकणावरचे दोन खळगे शोधले. “पंच इथे धर. आणि लक्षात ठेव, हे झाकण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. सगळं जग ज्या बाजूने घट्ट होतं, त्या बाजूने हे सैल होतं.” ठक, ठक, ठक. झाकण सुटलं. आतले बारीक पोलादी छर्रे बाहेर घरंगळायला हवे होते. एकही हलला नाही. सगळे त्या लगद्यात मुरंब्यासारखे रुतून बसले होते. काय ते दृश्य! केस, माती, मेलेल्या मुंग्या, आणि वर ती चकाकणारी साय. पिटुकली नाक दाबून दोन पावलं मागे गेली. मलाही तोंड फिरवायचं होतं, पण स्वतःच्या पोटापासून कुठे पळणार?

आजोबांनी लगदा दोन बोटांत घेऊन चोळला. कपाळाला आठी पडली. “हे तेल नाही. तेल असं धरून ठेवत नाही.” त्यांनी नाकाशी नेलं, वास कुठला येणार! मग, आई ‘बाबा, नको’ म्हणेपर्यंत, त्यांनी ते बोट जिभेला लावलं.

मित्रांनो, तुम्ही असं कधी म्हणजे कधी करू नका. माझी तर शुद्धच हरपायची राहिली होती.

आजोबा जीभ टाळ्याला लावून तसेच बसले. मग थुंकले. “मीठ,” ते म्हणाले. “यंत्राच्या तेलात मीठ कुठून येईल? हे तळणीचं आहे.” त्यांनी धुकं भरलेले डोळे आईच्या दिशेने वळवले. “हे मी घातलंय?”

पिटुकलीच्या वडिलांनी आईकडे पाहून मान हलवली. नको, नको सांगूस.

“हो, बाबा,” आई म्हणाली. “तुम्हीच घातलंत. बाटली मी ठेवली होती, तुमच्या फळीवर. पण घातलंत तुम्ही. बुधवारी आम्ही चौकात पडलो ते यामुळेच.”

“पिटुकली?”

“गुडघे फुटले नुसते.”

“कधीपासून चाललंय हे?”

“उन्हाळ्यापासून. दारं चिकटत होती.”

“आणि तुम्ही काय करत होतात?”

“पुसत होतो,” आई म्हणाली.

“पुसत होतात!” आजोबांनी हातातला लगदा कागदावर असा आपटला, की माझ्या ताराही झणझणल्या. “शी! किळस येते मला. या घाणीची नाही, तुमच्या त्या फडक्याची! गिरणीत नव्या पोरानेही मला सांगितलं असतं, बाबा, तुमचं तेल चिकटतंय म्हणून. त्याच दिवशी बाटली सापडली असती. माझे डोळे गेलेत, कान गेलेत का? सांगितलं असतं तर ऐकू आलं नसतं का मला?”

“मी सांगत होते!” पिटुकली रडवेली होऊन ओरडली. “मला गप बसवलं!”

“ये इकडे,” आजोबा म्हणाले. ते तिचे गुडघे चाचपू लागले. खपलीपाशी बोटं आली तसे त्यांचे हात थांबले.

मग ते मुलाकडे वळले. “तू तिकडे उभा राहून काय बघतोस? रॉकेल ओत.”

दुपारपर्यंत चौघं माझ्यावर वाकून होती. जुन्या दात घासायच्या ब्रशने त्यांनी माझं पोट खरवडलं. काळं पाणी वाहिलं. रॉकेलच्या वासाने माझं डोकं उठलं, पण त्या खवट वासापेक्षा रॉकेल परवडलं. लगद्याखाली दोन्ही कुत्रे सापडले, केसाएवढ्या स्प्रिंगांसकट, शाबूत. नवं फ्रीव्हील लागलंच नाही. परत बसवताना कुत्रे सारखे उसळून बाहेर येत होते आणि चकती बसेना. पिटुकलीचे वडील घामाघूम झाले. आजोबांनी आईकडून शिवणाचा दोरा मागितला, दोन्ही कुत्र्यांभोवती एक वेढा दिला, ओढून त्यांना आत दाबलं, वरून चकती बसवली आणि दोरा हलकेच काढून घेतला. “सूत कशाला म्हणतात ते गिरणीत शिकलोय,” ते म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडं हसू होतं.

शेवटी तेलाची वेळ आली. आईने शिलाई मशीनच्या खणातली छोटी बाटली आणली आणि कुपी धुऊन, पुसून, भरून ठेवली. पिटुकलीचे वडील कुपीकडे बघत होते. आजोबांना ते दिसलं नाही, तरी कळलं.

“घेणार असशील तर तोंडावर घे,” ते मुलाला म्हणाले. “पिठामागे नको.”

मुलाने मान खाली घातली. मग कुपी उचलून वडिलांच्या हातात दिली. “भरेन मी,” तो म्हणाला. “द्यायचं तुम्ही.”

“आणि चिकटलं तर?”

“तर सांगेन, बाबा.”

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आजही आजोबा रविवारी माझ्यापाशी येतात, पण थेंब टाकण्याआधी मोठ्याने विचारतात, “कुठलं भरलंय रे?” आणि घरात जो कुणी असेल तो जिथे असेल तिथून उत्तर देतो. एकदा तर पिटुकलीने ओरडून सांगितलं, “आजोबा, मागच्या वेळी थेंब चुकला तुमचा, जमिनीवर पडला!” आजोबा म्हणाले, “मग बोट धर माझं.” तिने धरलं.

मित्रांनो, आम्ही यंत्रं मुकी असतो. आमच्या पोटात घाण साठली तर आम्हाला सांगता येत नाही. म्हणून आम्हाला वेळच्या वेळी उघडा, धुवा, योग्य ते तेल द्या, आणि तळणीचं तेल, माझ्यावर दया करा, तळणीतच राहू द्या. पण तुम्ही माणसं मुकी नाही. तुमच्या घरात कुणाचा हात चुकत असेल, तर त्याच्यामागून फडकं घेऊन फिरू नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्याला सांगा. त्याला राग येईल, तो थुंकेल, ओरडेल. येऊ दे राग. घाण धुता येते. पण जी माया पाठीमागून गुपचूप पुसत राहते, तिचा चिकटा फार वाईट असतो, आणि तो काढायला कुठलंही रॉकेल पुरत नाही.